सिंहाला पुरे, हत्तीला अपुरी
लीव्हर रायफलीची आफ्रिकेतील कामगिरी

२१ एप्रिल १९०९ रोजी थिओडोर रूझवेल्ट मोंबासाच्या बंदरात उतरले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद सोडून त्यांना जेमतेम सात आठवडे झाले होते. सोबत एकोणीस वर्षांचा मुलगा कर्मिट होता, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने दिलेले तीन निसर्गशास्त्रज्ञ होते आणि बंदुकांच्या पेट्या होत्या. रूझवेल्टनी स्वतःसाठी तीन जातींच्या रायफली घेतल्या होत्या. एक होती अमेरिकी लष्कराच्या स्प्रिंगफील्डची शिकारी आवृत्ती. दुसरी लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडची भारी दुनळी. ती इंग्लंडमधील चाहत्यांनी त्यांना भेट दिली होती. तिसरी होती विंचेस्टर कंपनीची १८९५ सालच्या नमुन्याची लीव्हर रायफल, .४०५ बोअरची.

पूर्व आफ्रिकेतल्या इंग्रज शिकाऱ्यांना पहिल्या दोन रायफलींचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. बोल्ट रायफल आणि दुनळी ही त्यांचीच हत्यारे होती. लीव्हर रायफल मात्र अमेरिकेच्या कुरणांतली, घोडेस्वाराच्या खोगिराला लटकणारी, हरणे आणि अस्वले मारणारी बंदूक. जिथे हत्तीचे वजन पाच-सहा टन भरते आणि जखमी रानम्हैस माणसाच्या मागावर उलटून येते, तिथे तिचे काय काम?

या प्रश्नाचे उत्तर एका मोहिमेत मिळाले नाही. त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास होता आणि पुढे शंभर वर्षांचा वाद चालू राहिला. उत्तर मात्र फार नेमके निघाले. लीव्हर रायफलीची ताकद कुठे संपते हे आज ज्यूलमध्ये सांगता येते, आणि ती रेषा सिंह आणि रानम्हैस यांच्या बरोबर मधून जाते.

लीव्हर चालते कशी

या रायफलीत चापाभोवतीचे कडे मागे वाढवून त्याची दांडी केलेली असते. हाताची तीन बोटे त्या दांडीत असतात. बार उडाला की दांडी खाली आणि पुढे ढकलायची. त्यासरशी नळीमागचा खिट्टा मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. दांडी परत वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते आणि खिट्टा पक्का होतो. हे सगळे रायफल खांद्यावरून न हलवता होते. सराईत माणसाची नजर माशीवरून सुटत नाही.

बोल्ट रायफलीत हात दस्त्यावरून उचलून बोल्टची मूठ वर, मागे, पुढे आणि खाली न्यावी लागते. सरावाने तेही झपाट्याने होते, पण लीव्हरपेक्षा एक हालचाल जास्त. दुनळीचे दोन बार तर जवळजवळ एका श्वासात सुटतात. मात्र त्यानंतर बंदूक मोडून नवी काडतुसे भरेपर्यंत हातात नुसते लाकूड आणि लोखंड.

वेग हे लीव्हरचे बळ. तिच्या उणिवाही त्याच रचनेत आहेत. बहुतेक लीव्हर रायफलींचा खिट्टा नळीच्या तोंडाशी नव्हे, तर मागच्या टोकाला अडकतो. बाराच्या दाबाने धातूला किंचित ताण बसतो, म्हणून फार जास्त दाबाची काडतुसे तिला मानवत नाहीत. नळीत घट्ट बसलेले काडतूस सैल करण्याची बोल्टच्या पिळात जी ताकद असते, ती लीव्हरच्या ओढीत नसते. उष्ण प्रदेशात हा दोष जास्त जाणवतो, कारण तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि काडतूस नळीला चिकटते.

तिसरी उणीव मॅगझिनची. जुन्या लीव्हर रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी असतात. म्हणजे प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले. गोळी टोकदार असेल तर धक्क्याने टोपी फुटून मॅगझिनमध्येच स्फोट होण्याचा धोका. म्हणून या रायफलींत गोळ्या बोथट किंवा चपट्या टोकाच्याच घालाव्या लागत.

मार्टिनी-हेन्री ही इंग्रज लष्कराची रायफलही दांडी ओढूनच उघडे आणि आफ्रिकेत तिने भरपूर शिकार केली. पण तिला मॅगझिन नव्हते. दर बाराला एक काडतूस हाताने भरावे लागे. येथे लीव्हर रायफल म्हणताना अभिप्रेत आहे ती अनेक बारांची, अमेरिकी घराण्याची.

सोळा बारांची बंदूक आफ्रिकेत

या घराण्याची पहिली यशस्वी रायफल बेंजामिन टायलर हेन्री याने बनवली. तिचे पेटंट १८६० चे. ज्या कारखान्यात ती बनली त्याचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर. त्याच्या नावाची पहिली रायफल १८६६ मध्ये आली. तिच्या पिवळ्या पितळी सांगाड्यावरून तिला लोक ‘यलो बॉय’ म्हणत.

या दोन्ही रायफली फार लवकर आफ्रिकेत पोहोचल्या. शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या शोधात निघालेला पत्रकार हेन्री मॉर्टन स्टॅन्ली ऑक्टोबर १८७० मध्ये मुंबईहून जहाजाने निघाला आणि मॉरिशस, सेशेल्स करत जानेवारी १८७१ मध्ये झांझिबारला उतरला. तेथून मुख्य भूमीवर जाताना त्याच्या सामानात एक विंचेस्टर आणि एक हेन्री होती. दोन्हींचा उल्लेख त्याने सोळा बारांच्या बंदुका असाच केला आहे.

मात्र त्याच यादीत आणखी एक नोंद आहे: हत्तीसाठी वेगळी रायफल, जिच्या आठ गोळ्यांचे वजन एक पौंड भरे. म्हणजे एक गोळी सुमारे ५७ ग्रॅमची. हेन्रीची गोळी १४ ग्रॅमच्या आसपास, आणि तिची ऊर्जा जेमतेम ८०० ज्यूल. सोळा बार एकामागून एक उडवणारी रायफल हल्लेखोरांच्या टोळीला थोपवायला उत्तम होती, काळविटाएवढ्या जनावराला पुरेशी होती. पण हत्तीपुढे ती काढण्यात अर्थ नाही हे स्टॅन्लीला आफ्रिकेत पाऊल ठेवण्याआधीच ठाऊक होते.

त्या काळातील व्यावसायिक हत्ती-शिकारी याच्या दुसऱ्या टोकाला होते. फ्रेडरिक सेलूस हा इंग्रज तरुण १८७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आला आणि त्याने पहिले हत्ती चार बोअरच्या ठासणीच्या बंदुकांनी मारले. चार बोअर म्हणजे पौंडाला चार गोळ्या, एकेक गोळी पाव पौंडाची. काळ्या दारूच्या काळात मोठ्या जनावरावर उपाय एकच होता: गोळी जड करा. अशा बंदुकीचा धक्का शिकाऱ्याचा खांदा सुजवी आणि एका बारानंतर ती पुन्हा ठासेपर्यंत जीव मुठीत धरावा लागे.

ब्राउनिंगची पेटी

लीव्हर रायफलीला मोठ्या शिकारीच्या दारात आणून सोडले ते युटातील ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंग या कारागिराने. त्याची १८८६ सालची विंचेस्टर .४५-७०, .४५-९० आणि पुढे .५०-११० अशी जाड काडतुसे सहज पेलत असे. तिच्यातील खिट्टा दोन उभ्या पाचरांनी पक्का होई, त्यामुळे जुन्या नमुन्यांपेक्षा ती कितीतरी मजबूत होती.

तोवर धूरविरहित दारू आली होती. फ्रान्सने १८८६ मध्ये ती लष्करी रायफलीत आणली आणि पंधरा वर्षांत शिकारीचे सगळे गणित बदलले. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणले. ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने जाऊ लागली. चार बोअरच्या तोफवजा बंदुकीचे काम आता अर्ध्या वजनाची दुनळी करू लागली.

धूरविरहित दारूला ब्राउनिंगने त्याआधीच दिलेले उत्तर म्हणजे १८९५ चा नमुना. त्याने नळीखालचे मॅगझिन काढून टाकले आणि लीव्हरच्या पुढे, रायफलीच्या पोटाशी, पेटी बसवली. काडतुसे आता एकावर एक बसत. टोक कुणाच्याच टोपीला लागत नसे. त्यामुळे टोकदार गोळ्या आणि लष्करी काडतुसे लीव्हर रायफलीत प्रथमच सुरक्षितपणे वापरता आली. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या सैन्यासाठी या नमुन्याच्या जवळजवळ तीन लाख रायफली विकत घेतल्या. एकूण उत्पादन सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे ही रायफल शिकाऱ्यांपेक्षा झारच्या शिपायांच्या हातात अधिक गेली.

१९०४ मध्ये विंचेस्टरने या रायफलीसाठी .४०५ हे काडतूस काढले. गोळी ३०० ग्रेन, म्हणजे १९.४ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर. ऊर्जा ४,३५० ज्यूलच्या आसपास. त्या वेळच्या लीव्हर रायफलींच्या काडतुसांत हे सर्वांत जबर होते. पेटीत चार आणि नळीत एक, असे पाच बार. वजन पावणेचार किलोच्या आसपास. रायफल हलकी आणि दस्त्याची पट्टी अरुंद, त्यामुळे तिचा धक्का खांद्याला चांगलाच झोंबत असे.

रूझवेल्टची मोहीम

रूझवेल्टना विंचेस्टर नवी नव्हती. १८८० च्या दशकात डाकोटाच्या रानात गुरे पाळताना त्यांच्या हातात १८७६ च्या नमुन्याची विंचेस्टर असे. आफ्रिकेसाठी त्यांनी १९०८ मध्येच कंपनीकडे रायफली मागवल्या आणि दस्त्याच्या मापावरून बराच पत्रव्यवहार केला. त्यांची नजर अधू होती. चष्मा होताच, शिवाय व्हाइट हाउसमधल्या मुष्टियुद्धाच्या सरावात बसलेल्या ठोशाने डाव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. आपण उत्तम नेमबाज नाही हे ते मोकळेपणाने सांगत. अशा माणसाला पहिली गोळी चुकली तर दुसरी, तिसरी, चौथी लगेच हाताशी हवी. लीव्हर रायफल त्यांना का भावली, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

मोंबासाहून मोहीम युगांडा रेल्वेने निघाली. हा मार्ग पंजाबातून आणि भारताच्या इतर भागांतून नेलेल्या हजारो मजुरांनी बांधला होता आणि त्या वसाहतीत तेव्हा चलनही रुपयाचे होते. इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसवलेल्या बाकावरून रूझवेल्टनी दुतर्फाची जनावरे पाहिली. जोडीला सेलूस होता. मोहिमेची आखणी करताना त्याचाच सल्ला घेतला होता. प्रत्यक्ष सफारीचा म्होरक्या होता आर. जे. कनिंगहॅम आणि त्याचा जोडीदार लेस्ली टार्लटन. दोनशेहून अधिक हमाल, कातडी टिकवण्यासाठी टनावारी मीठ आणि खर्चाला अँड्र्यू कार्नेगी यांच्यासारख्या धनिकांची मदत, असा हा थाट होता.

पहिले सिंह कापिटी पठारावर, सर आल्फ्रेड पीझ यांच्या किटांगा येथील मळ्याच्या परिसरात मिळाले. सिंहांवर रूझवेल्ट विंचेस्टर वापरू लागले आणि तिच्यावर इतके खूश झाले की सिंहांवरचे रामबाण औषध म्हणून ते तिची तारीफ करत.

त्यामागे कारण होते. सिंहाचे वजन दीडशे ते सव्वादोनशे किलो. कातडी पातळ, हाडे फार जाड नाहीत. पण तो धावून येतो तेव्हा शंभर मीटरचे अंतर काही सेकंदांत कापतो. अशा जनावरावर मऊ टोकाची गोळी हवी. ती शरीरात शिरताच फुलते आणि सगळी ऊर्जा आतच सोडते. शिवाय पुढचा बार तयार हवा. टार्लटनबरोबर घोड्यावरून पाठलाग केलेल्या एका सिंहाच्या बाबतीत हेच झाले. तो उलटून चालून येऊ लागला तेव्हा रूझवेल्टनी .४०५ ची गोळी त्याच्या छातीत घातली. ती फुप्फुसे फाडून गेली. तरी तो पुन्हा उठून पुढे येऊ लागला आणि पुढच्या गोळीनेच थांबला. दुनळीवाल्याने दुसरा बार चुकवला असता तर काडतुसे भरायला त्याला उसंत मिळाली असती की नाही, सांगता येत नाही.

बंदुकीविना सिंह मारणारेही रूझवेल्टनी त्याच मोहिमेत पाहिले. नांदी जमातीच्या भालाईतांनी सिंहाला रिंगणात घेतले, ते आवळत नेले आणि तो अंगावर येताच भाल्यांनी भोसकला. त्यात एक जण जखमी झाला.

हत्तीपुढे काय झाले

केनिया पर्वताच्या उतारावरील दाट जंगलात रूझवेल्टनी पहिला हत्ती मारला. तेव्हा हातात विंचेस्टर नव्हती, हॉलंडची दुनळी होती. पहिली गोळी मेंदूच्या अगदी जवळून गेली आणि हत्ती डगमगला. दुसऱ्या गोळीने तो कोसळला. आणि दोन्ही नळ्या रिकाम्या असताना बाजूच्या झुडपातून दुसरा हत्ती सोंड पोहोचेल इतक्या जवळून बाहेर आला. रूझवेल्ट झाडाआड सरकून काडतुसे भरू लागले. कनिंगहॅमने दोन बार टाकले आणि हत्ती वळून निघून गेला.

दुनळीची उणीव याहून स्पष्ट दाखवणारा प्रसंग शोधून सापडणार नाही. तरीही रूझवेल्टनी पुढच्या हत्तींसाठी मुख्य भिस्त हॉलंडवरच ठेवली. त्यांचे बरोबर होते.

हत्तीची कवटी म्हणजे भरीव भिंत नव्हे. ती पोकळ्यांनी भरलेल्या जाळीदार हाडाची असते. मेंदू तिच्यात खोल, मागच्या बाजूला असतो. समोरून मारलेल्या गोळीला तिथवर पोहोचायला साठ सेंटिमीटरच्या आसपास हाड आणि मांस भेदावे लागते, तेही सरळ रेषेत. इथे फुलणारी गोळी निरुपयोगी. कठीण कवचाची, आकार न बदलणारी भरीव गोळी हवी. आणि ती किती खोल जाईल हे नुसत्या ऊर्जेवर ठरत नाही. गोळीचे वजन आणि तिची जाडी यांचे प्रमाण महत्त्वाचे. एकाच हाताने गोणीत दाभण आणि खुंटी मारून पाहावी: जोर तोच, पण दाभण आरपार जाते.

या प्रमाणाला बंदूकशास्त्रात ‘छेदघनता’ म्हणता येईल. पौंडातल्या वजनाला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागले की ती मिळते. .४५० नायट्रो एक्स्प्रेसच्या ४८० ग्रेनच्या गोळीची छेदघनता ०.३२७. विंचेस्टर .४०५ ची ०.२५४. आता वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याची गोष्ट घ्या. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुतेक अवघ्या ७ मिलिमीटर बोअरच्या रायफलीने. तिची गोळी .४०५ पेक्षाही हलकी, १७३ ग्रेन. पण ती लांब आणि सडपातळ असल्याने तिची छेदघनता ०.३०६ भरते. हत्तीच्या शरीररचनेचा कसून अभ्यास आणि ही खोल जाणारी गोळी, यांवर बेलचे काम चालले. .४०५ ची गोळी ऊर्जेने बेलच्या गोळीपेक्षा वरचढ होती आणि तरी हत्तीच्या डोक्यात ती तितकी खोल जाईल याची खात्री नव्हती.

१९४८ मध्ये जॉन टेलर या शिकाऱ्याने आफ्रिकेतील रायफलींवरच्या आपल्या ग्रंथात दुसरे एक माप मांडले: गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार. मेंदू थोडक्यात हुकला तरी जनावर भोवंडून पडेल का, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. या मापाने .४०५ ला सुमारे ३९ गुण मिळतात आणि .४५० नायट्रो एक्स्प्रेसला ६७. रूझवेल्टची दुनळी या .४५० च्याच ताकदीची होती. पहिल्या हत्तीच्या वेळी तिची गोळी मेंदूच्या जवळून गेली होती. हत्ती तरीही डगमगला तो या फरकामुळे.

विंचेस्टरचे आफ्रिकी चाहते

मोहीम १४ मार्च १९१० रोजी खार्तुमला संपली. रूझवेल्टचे आफ्रिकेवरचे लेख आधी मासिकात आणि मग पुस्तकरूपाने निघाले आणि .४०५ विंचेस्टरचे नाव जगभर झाले. अमेरिकी लेखक स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट याने पुढच्याच काही वर्षांत पूर्व आफ्रिकेत शिकार केली तेव्हा त्याच्याजवळही स्प्रिंगफील्ड, .४०५ विंचेस्टर आणि हॉलंडची .४६५ दुनळी असेच त्रिकूट होते. ही .४६५ हिंदुस्थानातल्या एका बंदीची उपज आहे. मार्टिनी-हेन्रीची काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअर बंद केले आणि लंडनच्या कारखान्यांना जवळपासची नवी मापे शोधावी लागली.

चार्ल्स कॉटर या अमेरिकी माणसाला तर रूझवेल्टच्या लेखनानेच आफ्रिकेत ओढून आणले. तो सहकुटुंब केनियात स्थायिक झाला आणि त्याने सफारीचा व्यवसाय उभारला. .४०५ विंचेस्टर ही त्याची आवडती रायफल. बिबट्यांच्या झडपांतून तो वाचला. १९४० मध्ये एका गेंड्याचे चित्रीकरण करत असताना त्याच गेंड्याच्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला.

पण तोवर .४०५ चा काळ सरला होता. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काडतूस आणले होते. गोळीचे वजन तेच, ३०० ग्रेन. पण ती सडपातळ, छेदघनता ०.३०५, आणि वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर. एवढा दाब जुन्या लीव्हर रायफलीला सोसणारा नव्हता. ते काम बोल्टचेच. वजन तेच ठेवून आकार आणि वेग बदलताच सिंहापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना पुरणारी रायफल तयार झाली. विंचेस्टरने १८९५ चा नमुना पुढे बंद केला.

शिकारीचा हिशेब

या मोहिमेत रूझवेल्ट बापलेकांनी ५१२ जनावरे मारली: वडिलांनी २९६, मुलाने २१६. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे होते. उंदीर, पक्षी, मासे असे सगळे प्राणी धरून स्मिथसोनियनला अकरा हजारांहून अधिक नमुने मिळाले. संस्थेचे नवे निसर्ग-संग्रहालय १९१० मध्येच खुले झाले आणि पुढच्या संशोधकांनी या नमुन्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम केले.

या हिशेबातील सर्वांत बोचणारा आकडा नऊचा आहे. नाईलच्या पश्चिम तीरावरील लाडो प्रदेशात, जानेवारी १९१० मध्ये, पितापुत्रांनी उत्तरी पांढऱ्या जातीचे नऊ गेंडे मारले. ही जात दुर्मीळ होत चालल्याचे रूझवेल्टना माहीत होते आणि संग्रहालयासाठी ती हवीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. या पोटजातीचा शेवटचा नर, सुदान, १९ मार्च २०१८ रोजी केनियात मरण पावला. त्या वेळी मागे उरल्या फक्त दोन माद्या. या जातीला संपवले ते पुढच्या दशकांतील शिंगांच्या चोरट्या शिकारीने आणि त्या भागातील युद्धांनी. नऊ गेंड्यांनी नव्हे. पण संपत चाललेली गोष्ट जपण्यासाठी ती मारून ठेवावी हा त्या काळाचा विचार होता, आणि अमेरिकेत कोट्यवधी एकर जंगल राखून ठेवणारा माणूसही त्याला अपवाद नव्हता.

कायद्यातली रेषा

केनियाने १९७७ मध्ये शिकारच बंद केली. आफ्रिकेतील ज्या देशांत ती परवान्याने चालते, तिथे कोणत्या जनावरावर कोणती रायफल चालेल हे कायदा ठरवतो. अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हे किमान बोअर आहे. १९१२ च्या त्या काडतुसाचा हा वारसा.

झिंबाब्वेचे नियम याहून तपशीलवार आहेत आणि आपल्या विषयासाठी फार बोलके आहेत. हत्ती, पाणघोडा आणि रानम्हैस यांच्यासाठी किमान ५,३०० ज्यूल ऊर्जा आणि ९.२ मिलिमीटर जाडीची गोळी लागते. सिंह, जिराफ आणि एलंड यांच्यासाठी ४,३०० ज्यूल पुरतात. .४०५ विंचेस्टरच्या मूळ काडतुसाची ऊर्जा सुमारे ४,३५० ज्यूल. जाडीच्या अटीत ती सहज बसते. पण ऊर्जेत सिंहाचा उंबरठा जेमतेम ओलांडते आणि रानम्हशीपाशी जवळजवळ हजार ज्यूलने अडते. उलट रूझवेल्टच्या दुनळीची ऊर्जा ६,७०० ज्यूलच्या घरात होती. सिंहासाठी विंचेस्टर आणि हत्तीसाठी हॉलंड ही वाटणी रूझवेल्टनी अनुभवी शिकाऱ्यांच्या सल्ल्याने आणि स्वतःच्या अंदाजाने केली होती. नियम करणाऱ्यांनी तीच वाटणी आकड्यांत लिहून ठेवली.

तरीही लीव्हरचा मोह सुटलेला नाही. विंचेस्टरच्या नावाने जपानच्या मिरोकू कारखान्यात १८९५ चा नमुना पुन्हा बनू लागला आणि हॉर्नडी कंपनीने .४०५ ची काडतुसे परत बाजारात आणली. दुसरा पंथ मार्लिन या अमेरिकी कंपनीच्या .४५-७० लीव्हर रायफलींचा. हे काडतूस मुळात १८७३ चे, अमेरिकी लष्करासाठी काळ्या दारूवर बेतलेले. आजच्या मजबूत रायफलीत त्यात ३५ ग्रॅमपर्यंतची, कठीण शिशाची, रुंद चपट्या टोकाची गोळी भरतात. वेग माफक, सेकंदाला पावणेपाचशे मीटरच्या आतबाहेर. पण जड आणि न फुलणारी असल्याने ती सरळ आणि खोल जाते. अशा रायफलींनी हौशी शिकाऱ्यांनी रानम्हशी आणि हत्तीही मारले आहेत. जुन्या काळी अपघाताच्या भीतीने चपटे केलेले टोक आता गुण ठरले आहे, कारण रुंद चपटे टोक मांसातून जाताना सहसा भरकटत नाही. ऊर्जेच्या मापाने मात्र ही काडतुसेही चार हजार ज्यूलच्या अलीकडेपलीकडे राहतात. जिथे कायदा ज्यूल मोजतो, तिथे ती हत्तीच्या वाटेला जाऊ शकत नाहीत.

.४५-७० चे समर्थक म्हणतात की ऊर्जेचे माप चुकीचे आहे, खोली मोजायला हवी. बेलचे उदाहरण त्यांच्या बाजूने आहे. विरोधक टेलरचे माप पुढे करतात: नेम किंचित हुकला तर काय? दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, कारण दोघे वेगवेगळ्या क्षणांबद्दल बोलत आहेत. एक नेम साधलेल्या बाराबद्दल, दुसरा हुकलेल्या.

हुकलेल्या बाराची व्यवस्था लीव्हर रायफलीच्या आफ्रिकी इतिहासात पहिल्यापासून दिसते. स्टॅन्लीच्या सोळा बारांच्या बंदुकांशेजारी हत्तीची आठ बोअरची रायफल होती. रूझवेल्टजवळ हॉलंड होती, शिवाय बाजूला टार्लटन किंवा कनिंगहॅम. व्हाइटजवळ .४६५ होती. आज .४५-७० घेऊन रानम्हशीमागे जाणाऱ्या पाहुण्याच्या दोन पावले मागे परवानाधारक शिकारी-मार्गदर्शक असतो आणि त्याच्या हातात बहुधा याहून मोठ्या बोअरची रायफल असते. ही रायफल आफ्रिकेत सिंहासमोर स्वतःच्या बळावर उभी राहिली. त्याहून मोठ्या जनावरासमोर ती जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा शहाण्या शिकाऱ्याने दुसरी बंदूक सोबत ठेवली. आणि तिच्या गुणांचे मोल ठरवताना ती सोबतही हिशेबात धरली पाहिजे.